हातभट्टी : एका शब्दाची आणि एका यंत्राची पूर्वपीठिका

मराठीत ‘हात’ हे पूर्वपद लावून बनलेल्या काही शब्दांचा एक स्वतंत्र वर्ग करता येतो. हातमाग, हातसडी, हातकागद ही त्याची परिचित उदाहरणे होत. कापडाच्या गिरण्या निघण्यापूर्वी मागाला ‘हातमाग’ म्हणण्याचे काही कारण नव्हते. माग म्हटला की तो हाताचाच असावयाचा. भाताची गिरणी आली तेव्हा उखळातला तांदूळ ‘हातसडीचा’ झाला. म्हणजे वस्तू जुनी, परंतु तिचे नाव नवे. आणि नाव नवे पडण्याचे कारण हे की तिच्या शेजारी दुसरी, अधिक बलवान वस्तू येऊन उभी राहिली. ‘हातभट्टी’ हा शब्द याच वर्गातला आहे. मात्र एक भेद विसरता येत नाही. हातमाग आणि हातसडी या शब्दांना आज काहीशी प्रतिष्ठेची छटा आहे. हातभट्टी हा शब्द पोलिसांच्या पंचनाम्यात राहतो. एकाच घडणीच्या शब्दांची नशिबे इतकी वेगळी का व्हावीत, या प्रश्नाचे उत्तर व्याकरणात नाही; ते महसुलाच्या इतिहासात शोधावे लागते.

या शोधासाठी बीड जिल्ह्यातील शिरूर कासारचा परिसर सोयीचा आहे. सिंदफणेच्या काठचे हे गाव. पश्चिमेला पाथर्डी तालुका लागतो. आज ही केवळ दोन जिल्ह्यांची सीमा आहे. १९४८ पर्यंत मात्र ती दोन राज्यव्यवस्थांची सीमा होती. पाथर्डीकडील मुलूख मुंबई इलाख्याचा, शिरूरकडील निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा. बोली थोड्याफार फरकाने तीच. शेती, देवदेव, बाजार यांचे व्यवहार एकमेकांत गुंतलेले. परंतु दारू गाळण्याविषयीचा कायदा निराळा, आणि त्या कायद्याने रूढ केलेले शब्दही निराळे.

प्रथम यंत्राकडे वळावे. दारू गाळण्याच्या घरगुती साधनाला मुळात लागते तरी काय? एक आंबवण ठेवण्याचे भांडे, खाली जाळ, वाफ अडविणारे झाकण, त्या झाकणाला गारवा आणि थेंब वाहून नेणारी नळी. मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशांना. या दोन आकड्यांमधील अंतरावर सारे काम चालते. सांधे ओल्या मातीने वा कणकेने लिंपून बंद करावयाचे, जाळ मंद ठेवावयाचा आणि वरचे पाणी तापले की बदलावयाचे. अबुल फज्लने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आइन-ए-अकबरी’त उसापासून अरक काढण्याच्या तीन रीती नोंदविल्या आहेत. पहिलीत भांड्याच्या आतच एक वाटी ठेवतात आणि वरच्या थंड झाकणावर जमलेले थेंब तीत पडतात. दुसरीत मातीच्या झाकणातून दोन नळ्या काढून त्यांची टोके थंड पाण्यात ठेवलेल्या घड्यांत सोडतात. तिसरीत पोकळ दांड्याचा मोठा पळा आत बसवितात. थंड झाकणाखाली जमलेला अर्क पळ्यात पडून दांड्याच्या नळीतून बाहेर येतो. दोनदा गाळलेल्या अरकाला ‘दुआतशा’, म्हणजे दोनदा अग्नी दाखविलेला, असे नाव त्याने दिले आहे. ठाणे आणि नंदुरबारच्या डोंगरांत मोहाची दारू गाळण्यासाठी एकावर एक रचली जाणारी मडकी, सर्वांत वरचे थंड पाण्याचे भांडे आणि मधून निघणारी बांबूची नळी ही या तिसऱ्या रीतीचीच भावंडे म्हणावी लागतात. चारशे वर्षांत फरक पडला तो बहुतांशी भांड्याच्या द्रव्यात. मातीच्या जागी पत्रा आणि ॲल्युमिनियम आले.

याहून जुना पुरावा रसशास्त्रात आहे. सुमारे तेराव्या शतकातील ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात यंत्रांचे जे प्रकरण आहे त्यात ‘ढेकीयंत्रा’चे वर्णन येते. भांड्याच्या गळ्याखाली छिद्र पाडून त्यात वेळूची नळी बसवावयाची आणि तिचे दुसरे टोक पाणी भरलेल्या, दोन अर्धांचा संपुट केलेल्या काशाच्या पात्रात सोडावयाचे. प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या पहिल्या खंडाने या यंत्रांकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष वेधले. येथे ‘कांस्यपात्र’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. शिरूरच्या नावातील ‘कासार’ म्हणजे संस्कृत ‘कांस्यकार’. काशापितळेचे काम करणारा कासार, तांबे ठोकणारा तांबट, मडके घडविणारा कुंभार, वेळू चिरणारा बुरूड, आणि जाळासमोर बसणारा कलाल. एका भट्टीमागे गावगाड्याच्या कारागिरांची अशी मालिका उभी राहते. यांतील एकालाही आपण निषिद्ध वस्तूचा भाग घडवीत आहोत असे वाटण्याचे कारण नव्हते. गुलाबपाणी, ओव्याचा अर्क आणि मोहाची दारू यांना यंत्र एकच लागे. (गावाच्या नावातील ‘कासार’ या पदावरून गावाचा सारा इतिहास रचण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. तसाच मोह ‘सिंदफणा’ या नदीनामाचा शिंदीच्या झाडाशी संबंध जोडण्याचा होतो. केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही.)

भारतात ऊर्ध्वपातन किती जुने, यावर विद्वानांत एकवाक्यता नाही. एफ. आर. ऑलचिन यांनी १९७९ मध्ये तक्षशिला आणि चारसद्द्याजवळील शेखान ढेरी येथील मातीच्या भांड्यांचा पुन्हा विचार करून असे प्रतिपादन केले की ती ऊर्ध्वपातनाचीच भांडी होत, आणि दारू व दारूचे दुकान या अर्थांचा संस्कृत ‘शुण्डा’ हा शब्द हत्तीच्या सोंडेसारख्या नळीवरून आला असावा. शौण्डिक, म्हणजे मद्यविक्रेता, हा शब्द बंगालीत ‘शुँडी’ या रूपाने जातिनाम होऊन राहिला आहे. ऑलचिन यांची कल्पना आकर्षक आहे यात शंका नाही. तथापि जेम्स मॅकह्यू यांनी २०२१ च्या आपल्या ग्रंथात प्राचीन मद्यांविषयीचे संस्कृत उल्लेख तपासून या बाबतीत बरीच सावधगिरी सुचविली आहे, आणि ती योग्य वाटते. प्राचीन ग्रंथांतील सुरा, मैरेय, आसव, अरिष्ट ही आंबविलेली पेये होत. ती गाळलेली होती असे गृहीत धरता येत नाही. शब्द जुना आहे म्हणून यंत्रही तितकेच जुने, असे म्हणणे हा भाषाभ्यासकांनी तरी टाळावा असा तर्कदोष आहे.

परंतु घरी मद्य करण्याच्या अधिकाराचा प्रश्न निश्चितपणे प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात राज्याने मद्याच्या निर्मितीवर आणि विक्रीवर कडक देखरेख ठेवावी असे सांगितले असून त्याच प्रकरणात कुटुंबवत्सल गृहस्थांना कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक दिली आहे; उत्सव, समाज व यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची सवलत आहे. राज्याचा एकाधिकार आणि घराची मर्यादित मुभा या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेत नांदू शकतात हे त्या ग्रंथकाराला ठाऊक होते.

मध्ययुगात मराठीत आलेले या विषयाचे शब्द पाहता एक गोष्ट नजरेत भरते. ‘दारू’ हा फारसी शब्द मुळात औषधवाचक. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अद्याप टिकून आहे. ‘अर्क’ म्हणजे अरबी ‘अरक’, घाम. तापलेल्या भांड्याच्या झाकणाला फुटलेला घाम, हे चित्र ज्याने प्रथम पाहिले त्याची निरीक्षणशक्ती वाखाणण्यासारखी आहे. संस्कृत ‘अर्क’, म्हणजे सूर्य किंवा रुई, याच्याशी झालेल्या ध्वनिसाम्यामुळे हा परका शब्द मराठीत इतका मिसळून गेला की पुढे ‘मद्यार्क’ हा पारिभाषिक शब्द बनविताना तो परका आहे याची कोणास आठवणही झाली नाही. ‘भट्टी’ संस्कृत ‘भ्राष्ट्र’पासून प्राकृतमार्गे आलेली, ‘कलाल’ ‘कल्यपाल’पासून. हे सारे शब्द करण्याच्या क्रियेचे, वस्तूचे, माणसाचे आहेत. त्यांच्या शेजारी दुसरा एक वर्ग येऊन बसला तो वसुलीचा. ‘आबकारी’ हा त्याचा म्होरक्या. ‘आब’ म्हणजे पाणी, ‘कार’ म्हणजे काम. पाण्याचे काम करणाऱ्याच्या धंद्याचे हे नाव हळूहळू त्या धंद्यावरील कराचे नाव झाले आणि शेवटी खात्याचे. कारागिराचा शब्द कारकुनाचा झाला, असे याचे वर्णन करता येईल.

पेशवाईत दारूबंदीचे हुकूम निघत, पण त्यांत अपवाद असत. न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांवरील आपल्या १९०० सालच्या विवेचनात याची दखल घेतली आहे. तोफखान्यातील पोर्तुगीज ख्रिस्ती चाकरांना स्वतःपुरती दारू गाळण्याची सवलत मिळाली, मात्र विक्रीस मनाई राहिली. ‘स्वतःपुरती’ आणि ‘विक्रीसाठी’ हा भेद अर्थशास्त्रातील कुटुंबाच्या सवलतीची आठवण करून देतो.

हा भेद पुसला गेला तो ब्रिटिश अमदानीत. मुंबई सरकारने १८७८ चा आबकारी कायदा केला आणि चार्ल्स प्रिचर्ड यांच्या देखरेखीखाली गावोगावच्या भट्ट्या मोडून मध्यवर्ती भट्ट्यांची पद्धत आणली. परवान्याशिवाय गाळणे गुन्हा ठरले. उरणच्या मोठ्या भट्ट्यांत मोहाची दारू तयार होई आणि ठेकेदारांमार्फत खेड्यांत येई. ज्या आदिवासीच्या दारात मोहाचे झाड होते त्याने त्याच फुलांची दारू, कर आणि ठेकेदाराचा नफा यांसह, दुकानातून विकत घ्यावी, अशी ही योजना होती. कायद्याची पुढची पायरी आणखी बोलकी आहे. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले. फुले ही दारूचे साहित्य खरी. परंतु टंचाईच्या दिवसांत ती अन्नही होती. सरकारची नजर भांड्यावरून झाडाखाली पडलेल्या फुलापर्यंत पोहोचली. या काळापासून भट्टी दोन प्रकारची झाली, एक सरकारमान्य आणि दुसरी हाताची. ‘हातभट्टी’ या शब्दाला अर्थ प्राप्त झाला तो या द्वैतातून.

येथे एका एकांगी निष्कर्षापासून सावध राहिले पाहिजे. ब्रिटिश आबकारीला विरोध करणारे सारेच घरगुती भट्टीचे कैवारी नव्हते. जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये दारूच्या दुकानांना विरोध नोंदविला, तो व्यसनाने होणारा नाश पाहून. १९२२-२३ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांपासून दक्षिण गुजरातेतील आदिवासींपर्यंत पसरलेल्या ‘देवी’च्या चळवळीत हजारोंनी दारू सोडली, डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीचा सविस्तर अभ्यास केला आहे. तिच्यात ठेकेदाराच्या दुकानावरील बहिष्कार आणि स्वतःच्या जीवनाची शुद्धी या दोन प्रेरणा वेगळ्या काढता येत नाहीत. आपली भट्टी हिरावली गेली म्हणून संताप आणि भट्टीच नको म्हणून निर्धार, हे दोन्ही एकाच समाजात, कदाचित एकाच घरात, असू शकत होते.

आता सीमेच्या पलीकडे, शिरूरच्या बाजूला यावे. हैदराबाद संस्थानात आबकारी हे उत्पन्नाच्या सर्वांत मोठ्या बाबींपैकी एक होते. तेथील आबकारी कायदा १३१६ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९०६-०७ चा. मुंबईकडे जोर मोहाच्या दारूवर, तर येथे मोहाच्या जोडीला शिंदीवर. शिंदी गाळावी लागत नाही. झाडाला खाच पाडून रस धरला की तो आपोआप आंबतो. म्हणून येथे करवसुलीचा डोळा भांड्यावर नव्हे तर झाडावर होता. आणि वसुलीचे हक्क लिलावाने ठेकेदाराला जात. या ठेक्याला मराठवाड्यात जो शब्द रूढ झाला तो पश्चिम महाराष्ट्रातील ‘मक्ता’ नव्हे, तर ‘गुत्ता’. तेलुगूत ‘गुत्त’ आणि कन्नडमध्ये ‘गुत्तिगे’ हे शब्द ठेक्याचे, खंडाचे वाचक आहेत. संस्थानच्या तेलंगण, कर्नाटक आणि मराठवाडा या तीनही भागांत एकच महसुली व्यवस्था होती. तिच्याबरोबर हा द्राविडी शब्द मराठीत स्थिरावला. मराठवाड्यात रस्त्याचे वा इमारतीचे काम घेणारा आजही ‘गुत्तेदार’ असतो, आणि त्यात कसलाही हीनत्वाचा भाव नाही. परंतु ‘दारूचा गुत्ता’ या प्रयोगात हा शब्द ठेक्यावरून सरकत दुकानावर आला. पुढे तो साऱ्या महाराष्ट्रात पसरला आणि तेथे ‘दारूचा’ हे विशेषण गळून नुसता ‘गुत्ता’ म्हणजेच दारूचा अड्डा झाला. ज्यांना ‘गुत्तेदार’ हा शब्द ठाऊक नाही त्यांना ‘गुत्ता’ मूळचा ठेका आहे याची कल्पना येण्याचे कारण नाही. ज्या गोष्टीसाठी सरकारने ठेका दिला होता तिचेच नाव बेकायदा जागेला मिळावे, हा शब्दाच्या प्रवासातील विरोधाभास आहे.

गुत्ता म्हणजे निजामाचा पैसा, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के होते. म्हणूनच स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली ऑगस्ट १९४७ पासून चाललेल्या लढ्यात करोडगिरीची नाकी उद्ध्वस्त करण्याबरोबर शिंदीची झाडे तोडणे हाही कार्यक्रमाचा भाग झाला. हे झाडतोडणे मद्यपाननिषेधाचे होते तसेच राज्याच्या तिजोरीवर घातलेल्या घावाचेही होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले.

त्यानंतरचा दशकभराचा काळ या सीमाभागाच्या दृष्टीने विलक्षण आहे. मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि १९५० मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. पाथर्डीकडे दारू बंद. शिरूरकडे जुना हैदराबादी आबकारी कायदा चालू. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तरी कायद्यांचे एकीकरण व्हावयास आणखी काळ लागला; दारूबंदी कायद्याचा विस्तार करणारा अधिनियम १९५९ चा आहे. म्हणजे नऊ वर्षे दोन शेजारच्या तालुक्यांत एकाच मडक्याचे कायदेशीर स्वरूप भिन्न होते.

या कायद्याचे ६५ वे कलम भट्टीच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणे तर गुन्हा आहेच. मद्य तयार करण्याच्या हेतूने साहित्य, भट्टी, भांडी, अवजारे वा उपकरणे वापरणे किंवा बाळगणे हाही गुन्हा आहे. विक्री आणि स्वतःपुरता वापर असा भेद येथे नाही. छंद म्हणून घरी यंत्र उभारणाऱ्यालाही तेच कलम लागू. न्यूझीलंडने १९९६ मध्ये स्वतःच्या उपयोगापुरते घरी गाळण्यास मुभा दिली. अर्थशास्त्रातील कुटुंबाच्या सवलतीशी नाते सांगणारी तशी तरतूद महाराष्ट्रात नाही.

बंदीने भट्टी नाहीशी झाली नाही. ती ओढ्याच्या काठी, झुडपांत, रात्रीच्या वेळी गेली. तिच्याबरोबर भाषाही आडोशाला गेली. शेराचा आठवा भाग दाखविणारे ‘नवटाक’ हे माप दारूचेच नाव झाले. ‘पहिल्या धारेची’ हा कारागिराचा शब्द. गाळताना प्रथम येणारी धार तीव्र असते, पुढे ती सौम्य होत जाते, हे निरीक्षण त्यात साठविलेले आहे. आज तो वाक्प्रचार दारूशी संबंध नसलेल्या संदर्भांतही विनोदाने वापरला जातो. परंतु सर्वांत खेदजनक अर्थांतर ‘रसायन’ या शब्दाचे झाले. आयुर्वेदात रसायन म्हणजे जरा आणि व्याधी दूर ठेवणारे द्रव्य. वृत्तपत्रांत छाप्याची बातमी येते तेव्हा ‘गूळमिश्रित कच्चे रसायन’ नष्ट केल्याचे वाचावयास मिळते. तेथे रसायन म्हणजे पिंपात आंबत ठेवलेला सडवा. हे अर्थांतर अगदीच निराधार नाही, कारण मडक्याच्या जागी पत्र्याचे पिंप आले त्याप्रमाणे मोहाच्या जागी काळा गूळ आणि नवसागर आले. आंबवण झाकून आठवडाभर वाट पाहण्यास छाप्याची भीती सवड देत नाही. घाई झाली की द्रव्ये बदलतात. कायद्याने कारागिरी मोडली आणि मोडक्या कारागिरीने कायद्याला समर्थन पुरविले, असा हा फेरा आहे.

विषबाधेच्या मोठ्या घटना मात्र बहुधा दुसऱ्याच कारणाने घडतात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉलने. शिरूर कासारच्या शेजारच्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात पांगरमल येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये विषारी दारूने बळी घेतले. गूळ वा मोह यांच्या आंबवणीत मिथेनॉल अत्यल्प असते. मालवणीसारख्या संहारामागे असते ते कारखान्यांसाठी बनविलेले मिथेनॉल, जे भट्टी न लावताच पाण्यात मिसळून विकले जाते. अशा दारूला बातम्यांत सरसकट हातभट्टीची म्हणण्यात येते तेव्हा, शब्दाच्या काटेकोर अर्थाने, तीत हात नसतो आणि भट्टीही नसते. भट्टीला दोषमुक्त ठरविण्यासाठी हे सांगावयाचे नाही. मराठवाड्यातील ज्या स्त्रिया गावातील दारूविरुद्ध उभ्या राहिल्या त्यांच्या घरात पैसा आणि शांतता कोणत्या दारूने गेली हा भेद करण्याइतकी चैन त्यांना नव्हती. त्यांच्या वाट्याला आलेले साधनही अपुरे आहे. गावातील स्त्रियांच्या मतदानाने, ज्याला लोक ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणतात, परवानाधारक दुकान बंद करता येते. हातभट्टीला मुळात परवानाच नसल्यामुळे तिच्याविरुद्ध मत टाकण्याची सोय नाही.

तुलनेसाठी गोव्याकडे पाहावे. काजू पोर्तुगिजांबरोबर आला; फेणी त्यापूर्वी माडाची होती. बोंडे तुडवून रस काढण्याची जागा ती ‘कोळंबी’, रस उकळण्याचे भांडे ते ‘भान’, अर्क धरण्याचे भांडे ती ‘लावणी’, पहिल्या गाळणीचे सौम्य पेय ते ‘हुर्राक’, ज्यात अरबी ‘अरक’च पोर्तुगीज तोंडातून फिरून आला आहे. यंत्र घाटावरील भट्टीहून तत्त्वतः वेगळे नाही. परंतु तेथे ‘भाटी’ला ‘हात’ हे पूर्वपद लावण्याची वेळ आली नाही. तिला परवाना मिळत राहिला, कारागिरांची परिभाषा जिवंत राहिली, आणि २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. घाटाच्या वरच्या बाजूस तितकीच समृद्ध असणारी परिभाषा कोणी वेळीच टिपून घेतली नाही. गुन्हा ठरलेल्या कारागिरीचे शब्द परक्या माणसासमोर उच्चारले जात नाहीत, आणि बोलीच्या सर्वेक्षणास येणारा मनुष्य खेड्यात नेहमी परकाच असतो. कुंभाराच्या आणि तांबटाच्या व्यवसायांची शब्दसंपत्ती कोशांत आली. कलालाची आली ती मुख्यतः आबकारीच्या दप्तरातून, म्हणजे त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याच्या भाषेत.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. १८९२ मध्ये ठाणे व कुलाब्यापासून सुरू झालेल्या एका धोरणाची ही माघार होय. झाडाखालचे फूल वेचणे आणि घरात वाळवून ठेवणे आता शंकास्पद राहिलेले नाही. ६५ वे कलम मात्र जसेच्या तसे आहे. त्याच फुलांशेजारी नळी बसविलेले मडके सापडले तर ते आजही मुद्देमाल म्हणूनच जप्त होते.